गॅरेज कट्टा : फ्रेम एकाची, इंजिन दुसऱ्याचं

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या की आमच्या शेडमध्ये एका जुन्या मोटोक्रॉसच्या (म्हणजे चिखल-उड्यांच्या मैदानी शर्यतीच्या गाडीच्या) फ्रेमला यामाहाच्या आरएक्स १३५ या टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन लावलेली गाडी उभी आहे, आणि त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी वर्षभरात क्लच आणि मायलेजवर मिळून आली नसतील. निम्म्यांचा प्रश्न एकच, अमुक फ्रेममध्ये तमुक इंजिन बसेल का. म्हणून या वेळचा कट्टा सगळा त्याच्यावरच. ज्यांनी स्कूटरच्या सर्व्हिसिंगचं विचारलंय त्यांना पुढच्या महिन्यात, रागावू नका.

प्रश्न : काका नमस्कार. माझे मामा बोटीवर होते, रिटायर होताना त्यांनी इंग्लंडातून एका जुन्या क्रॉस बाईकची फ्रेम आणलेली. पुढचे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) आणि मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आहे, इंजिन नाही. वीस वर्षं माळ्यावर पडून होती. नळ्यांवर चांदीसारखा मुलामा आहे आणि जॉइंट सोनेरी दिसतात. मामा म्हणतात, "रिकमनची असा, हात लावू नको." माझ्याकडे आरएक्स १३५ चं चालू इंजिन आहे. बसेल का? (एक वाचक, देवगड)

मामांचं अर्धं ऐका. हात लावा, पण ग्राइंडर लावू नका.

रिकमन म्हणजे डेरेक आणि डॉन हे दोघे भाऊ, इंग्लंडातले, स्वतःच क्रॉस पळवणारे. त्यांनी १९६० च्या आगेमागे एकाची फ्रेम, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचा गिअरबॉक्स असं जुळवून गाड्या बनवल्या आणि नाव दिलं मेटिस, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मिश्र जातीची, आपल्या भाषेत संकरित. पुढे ते स्वतःच फ्रेम बनवायला लागले. रेनॉल्ड्स ५३१ नावाच्या पोलादाची नळी, जॉइंट पितळी झाळेचे, वरून निकेल, आणि इंजिनचं ऑइल नळ्यांच्या आतच, वेगळी टाकी नाही. फ्रेमचं किट विकत घ्यायचं आणि इंजिन आपलं घालायचं, कोणी ट्रायम्फचं घातलं, कोणी मॅचलेसचं, नंतर बुलटाकोचं २५० टू-स्ट्रोकसुद्धा. म्हणजे दुसऱ्याचं इंजिन घालणं हा त्या फ्रेमचा अपमान नाही, ती जन्मलीच त्यासाठी. मामांना हे वाचून दाखवा. तुमची खरंच रिकमन आहे का हे मी देवगडात न येता सांगू शकत नाही, निकेल काय कोणीही चढवतं, पण सोनेरी जॉइंट आहेत म्हणताय तर ती तशी आहे असं समजूनच वागा.

म्हणजे काय, तर त्या नळीवर साधं इलेक्ट्रिक वेल्डिंग करायचं नाही. एक टाकासुद्धा नाही. ५३१ ची नळी पातळ असते, पितळी झाळेला कमी उष्णता लागते म्हणून ती टिकते, तिथे आपल्या ग्रिलवाल्याने रॉड टेकवला की टाक्याच्या शेजारची नळी ठिसूळ होते आणि मग कधीतरी उडीवरून खाली येताना तिथेच तडकते. जे काही करायचं ते प्लेट आणि नट-बोल्टने, उद्या काढलं तर फ्रेम होती तशी.

आता बसेल का. अहो, इंजिन कुठेही बसतं. जागा आहे, चार प्लेटा कापल्या, बसलं. ते बसलं की नाही हे बघायचंच नसतं, बघायचं असतं चेन कशी जाते. सगळ्यात आधी मागचं चाक लावा आणि बघा चेन कुठल्या बाजूला आहे. आरएक्सची डावीकडे. मागचं सॉकेट (स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चक्र) उजवीकडे असेल तर विषय तिथेच संपला, इंजिन विकून टाका, चांगले पैसे येतील. डावीकडे असेल तर इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर फ्रेममध्ये ठेवा आणि पुढच्या सॉकेटपासून मागच्या सॉकेटपर्यंत ॲल्युमिनियमची खिडकीची सरळ पट्टी लावून बघा. डोळ्यावर जाऊ नका. मी गेलो होतो.

आमच्या शेडमधली गाडी मी पहिल्यांदा जुळवली तेव्हा तीन-चार मिलिमीटरचा फरक राहिलेला. मला दिसत होता, पण गणपती आठ दिवसांवर आलेले, मुंबईची पोरं येणार, त्यांना गाडी दाखवायची हौस, म्हटलं चेनच आहे, घेईल जुळवून. पहिल्या दिवशी घेतलं. दुसऱ्या दिवशी चिरेखाणीत, पाऊस पडून गेलेला, जांभ्याचा लाल चिखल चेनमध्ये भरलेला, तिसऱ्या गिअरला उतारावरून येताना चेन पुढच्या सॉकेटवरून चढली आणि सॉकेट आणि इंजिनची केस (बाहेरचं कवच) यांच्या मध्ये गोळा होऊन बसली. मागचं चाक जाम. मी चिखलात घसरत गेलो, ढोपर सोलवटलं, ते ठीक, पण उठून बघतो तर इंजिनच्या केसला सॉकेटच्या मागे अर्ध्या विताची चीर आणि त्यातून गिअर ऑइल लाल चिखलात टिपटिप. पुढे ती केस आर्गन वेल्डिंगने भरून घेतली, लेथवर तोंड मारलं, सगळं मिळून इंजिन आणलं त्याच्या निम्मे पैसे गेले. तीन मिलिमीटरला.

तर पट्टी लावायची. फरक आला तर इंजिन डावी-उजवीकडे सरकवा, नाही जमलं तर सॉकेटला स्पेसर टाका किंवा मागचं सॉकेट लेथवर घासून आत घ्या, पण फरक एक मिलिमीटरच्या आत आणायचा. मग दुसरी गोष्ट, पुढचं सॉकेट चिमट्याच्या बोल्टपासून किती लांब आहे. जितकं जवळ तितकं चांगलं. मागचे शॉकअप काढून टाका, चिमटा हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली करा आणि चेनकडे बघत राहा. पुढचं सॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल हे तिघे एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते, चेनची ढील त्या जागी बघून ठेवायची, गाडी स्टँडवर असताना नाही. सॉकेट लांब राहिलं तर काय होतं, वर-खाली होताना चेन एकदा टाइट एकदा लूज, मग गिअरबॉक्सच्या बेअरिंगची वाट लागते आणि लोक म्हणतात इंजिन खराब.

तिसरं, पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा काढून चाक पूर्ण वर दाबा. टायर बेंड पाईपला (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या नळीला) किंवा इंजिनच्या हेडला लागतो का? इथे पुष्कळ जण फसतात कारण उभ्या गाडीत चार बोटं जागा दिसते. चौथं, कार्ब (कार्ब्युरेटर) सरळ राहतो ना बघा. इंजिन पुढे-मागे वाकवून बसवलं की फ्लोट वाकडा होतो आणि मग जेट बदलून बदलून माणूस म्हातारा होतो.

प्लेटा कशा करायच्या तेही सांगतो. आधी मिठाईच्या बॉक्सचा पुठ्ठा, मग प्लायवूड, मग ६ मिलिमीटर लोखंडी पट्टी, आणि सगळं जुळलं, चार वेळा फिरवून झालं की मग हवं तर त्याच मापाच्या चांगल्या ॲल्युमिनियमच्या, वजन कमी होतं. हे सगळं करताना चालू इंजिन वापरू नका, भंगारातून फुटकी, रिकामी केस आणा, उचलायला हलकी आणि पडली तरी रडू येत नाही. बोल्ट ८.८ मार्किंगचे (ताकदीचा दर्जा डोक्यावर लिहिलेला असतो) घ्या, भोक घट्ट पाहिजे, बोल्ट भोकात लुळू-लुळू करत असेल तर महिन्याभरात भोक अंडाकृती होणार.

आणि शेवटचं, स्पष्ट बोलतो. ती फ्रेम मोठ्या फोर-स्ट्रोकसाठी असेल तर १३५ चं इंजिन त्यात घागरीत सुपारीसारखं दिसेल. चालेल, पण पुढच्या स्प्रिंगा जड इंजिनच्या आहेत, हलक्या वजनाला त्या दबणारच नाहीत, गाडी लाकडासारखी लागेल. स्प्रिंगा बदला नाहीतर आधी जड इंजिन शोधा. घाई कसली, वीस वर्षं माळ्यावर होती ना.

प्रश्न : माझ्या बाबांची १९७२ ची मोटरसायकल आहे, आरसी आहे, इंजिन गेलंय. त्यात दुसऱ्या कंपनीचं नवं १५० चं इंजिन टाकून क्रॉससारखी बनवायची आणि रोडवर पण चालवायची, व्हिंटेज नंबरही घ्यायचा असा विचार आहे. आरटीओत काय करावं लागेल? (एक वाचक, मालवण)

ताई, यातलं एक निवडा, तिन्ही मिळणार नाही. (अक्षरावरून ताई म्हटलं, चुकलो असेन तर दादा समजा.)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवताना जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच पक्कं केलंय. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन मिळालं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेता येतो. दुसऱ्या कंपनीचं १५० टाकलंत तर दंड एका बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम १८२ए मध्ये आहे. इन्शुरन्सवालाही ॲक्सिडेंटच्या दिवशी पहिला तोच कागद काढणार.

व्हिंटेजचा नियम २०२१ चा. गाडी ५० वर्षांच्या वरची पाहिजे, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षं चालतं. पण अट ही की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. आणि व्हिंटेज नंबरवर रोज बाजारात जायचं नसतं. म्हणजे तुमच्या बाबांच्या गाडीला १९७२ चा कागद आहे, तो तुमच्याकडचा सगळ्यात महाग स्पेअर पार्ट आहे असं समजा. तिला मूळचंच इंजिन शोधा, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो इंजिनमधला दांडा) नवा प्रेस करून घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असली कामं करणारे आजही आहेत, घाट चढून एक दिवस जाऊन या. आणि क्रॉसची हौस असेल तर कागद नसलेली, नंबर नसलेली एखादी रेसची फ्रेम घ्या आणि तिच्यावर काय ते प्रयोग करा, टेम्पोत घालून न्या, खासगी जागेत चालवा, टेम्पोत घालून आणा. मी आजवर चांगल्या कागदाच्या गाड्या कापलेल्या बघितल्यात, एक तर मीच कापून दिली होती, पंचवीस वर्षांचा असताना. ती आज असती तर.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमची टू-स्ट्रोक गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. तेव्हापासून किक जाम. मेकॅनिक म्हणतो इंजिन फेका, फोर-स्ट्रोक बसवतो. (एक वाचक, चिपळूण)

मेकॅनिक बदला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, खाली ऑइलचा साठा नसतो, त्यामुळे पाणी शिरलं की बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड लगेच गंजतात, पण गंजणं म्हणजे मरणं नव्हे. स्पार्क प्लग काढून डिझेल भरून ठेवा आठवडाभर, मग हेड आणि सिलिंडर काढा, जोर लावून किक मारू नका, वाशिष्ठीचा गाळ आत असेल तर तो पॉलिश पेपरचं काम करतो. क्रँकची बेअरिंगं, ऑइल सील, रॉड किट, ओव्हरसाइज पिस्टन. फोर-स्ट्रोकच्या निम्म्यात होईल. केस आतून फुगलेली, पांढरी पावडर सुटलेली असेल तरच फेका.

प्रश्न : बुलेटचं जुनं ३५० इंजिन एका हलक्या क्रॉसच्या फ्रेममध्ये बसवलंय. चेन लाइन बरोबर आहे, मोजली. पण ५० च्या वर हात सुन्न पडतात, दोनदा मागच्या प्लेटचा बोल्ट तुटला. बोल्ट जाड करू का? (एक वाचक, सावंतवाडी)

बोल्ट जाड केलात तर पुढच्या वेळी बोल्ट नाही, फ्रेमचा कान (बोल्ट जातो तो जोड) तुटेल. थांबा.

जुनी बुलेट म्हणजे ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), ९० चा स्ट्रोक (पिस्टनची चाल), एकटा मोठा पिस्टन वर-खाली. त्या पिस्टनचं वजन क्रँकच्या वजनाने पूर्ण कापता येत नाही, थोडं कापलं की थरथर वर-खाली कमी होते आणि पुढे-मागे वाढते, जास्त कापलं तर जास्त पुढे-मागे. किती कापायचं ते कंपनी स्वतःच्या फ्रेमला बघून ठरवते. म्हणजे तुमचं इंजिन बुलेटच्या जड फ्रेमसाठी तोललेलं आहे आणि तुम्ही ते दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलंय, ते तिथे नीट वागणार नाहीच. क्रँक उघडून पुन्हा तोलून घेता येतं, पण ते शेवटी.

आधी हे करा. इंजिनचे सगळे बोल्ट ढिले करा, काढू नका, आणि प्लेट आणि फ्रेम यांच्यामध्ये कुठे फट पडते बघा. माझी पैज आहे की कुठेतरी अर्धा-एक मिलिमीटर फट असणार आणि ती तुम्ही पाना मारून बोल्टने खेचून बंद केलेली आहे. म्हणजे फ्रेम कायम ताणलेली, वर थरथर, बोल्ट तुटणारच. तिथे बरोब्बर जाडीचं वायसर (वॉशर) घाला, दोन बोटांनी सरकून बसेल असं, मग टाइट करा. दुसरं, हेडपासून वरच्या नळीला पट्टी आहे का? पत्रात लिहिलं नाहीत म्हणजे नसावी. खालून तीन ठिकाणी कितीही आवळलं तरी उंच सिलिंडर डोक्यात मोकळा असेल तर माडासारखा डुलतो. ती पट्टी लावा, दोन्ही बाजूंनी, त्रिकोणात. नव्वद टक्के काम तिथे होईल असं मी अनुभवावरून सांगतो.

प्रश्न : दादा मी कॉलेजला आहे, माझ्याकडे जुनी १०० सीसीची क्रॉस केलेली फ्रेम आहे, त्यात २०० चं इंजिन बसवतोय, जागा पण आहे. काही अडचण नाही ना? (एक वाचक, हर्णै)

अरे बाबा, जागा आहे हे तू लिहिलंस, ब्रेकचं एक अक्षरही नाही. १०० सीसीचा पुढचा ड्रम ब्रेक, त्याचे शू बघ किती रुंद आहेत, ते २०० ला उतारावर थांबवतील का. मागचे शॉकअप, चिमट्याचे बुश, स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या गोळ्या, सगळं शंभरच्या वजनाचं आहे. आधी बुश आणि गोळ्या बदल, पुढे मोठा ड्रम किंवा डिस्कचं पूर्ण चाक शॉकअपसकट घाल, मग इंजिनचं बोलू. आणि गिअरिंग, रस्त्याच्या इंजिनचा पहिला गिअर लांब असतो, चिखलात क्लच जळतो. मागे आठ-दहा दात जास्त असलेलं सॉकेट घाल. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे तीन-साडेतीन वाढवण्यासारखं, ते स्वस्त आहे पण पुढचं सॉकेट फार लहान केलंस तर चेन चिमट्यावर घासते. घरच्यांना विचारलंयस ना?

प्रश्न : फ्रेम रंगवली तरी दोन पावसात गंज धरतो. समुद्र दोनशे मीटरवर आहे. काय लावता तुम्ही? (एक वाचक, वेंगुर्ला)

बाहेरचा गंज दिसतो तरी, आतला दिसत नाही. रंगवायच्या आधी नळ्यांच्या आत जवसाचं तेल ओतायचं, गरम करून, फ्रेम उलटी-पालटी फिरवायची, उरलेलं निथळून काढायचं आणि भोकं बुजवायची. विमानांच्या नळीच्या फ्रेमनाही हेच करतात. बाहेरून पावडर कोटिंग दिसायला छान पण एकदा टवका उडाला की त्याच्याखाली खारी हवा शिरते आणि गंज लपून पसरतो, कळतं तेव्हा पापुद्रे हातात येतात. मी दोन हात प्रायमर आणि साधा स्प्रेचा रंग मारतो. दर वर्षी मे महिन्यात टचअप, छपराच्या कौलांबरोबर गाडीची पण शाकारणी.

प्रश्न : गाडी तयार आहे. ट्रायलला आमचा समुद्रकिनारा मस्त सपाट आहे, ओहोटीला चालवू ना? (एक वाचक, गुहागर)

नाही. एक तर पोलीस उचलतील आणि उचलायलाच पाहिजे. तुमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वेळास-आंजर्ल्यासारखंच तुमच्याकडेही, थंडीत घरटी आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं, वाळूखाली काय आहे ते टायरला कळत नाही. दुसरं, ओली खारी वाळू चेनमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये, कार्बमध्ये गेली की तुमची सहा महिन्यांची मेहनत एका संध्याकाळीत गेली.

सड्यावर (गावावरच्या कातळाच्या माळावर) जा. बंद पडलेली चिरेखाण असेल तर मालकाला विचारून, आणि पहिल्यांदा जाल तेव्हा चालत एक फेरी मारा, खाणीत पावसाचं पाणी साठलेलं असतं आणि कडेला सरळ दहा-पंधरा फुटांचे कापीव काठ असतात, गवत वाढलं की दिसत नाहीत. पहिले अर्धा तास फक्त पहिला-दुसरा गिअर. मग थांबायचं, इंजिन थोडं निवू द्यायचं, आणि सगळ्या प्लेटांचे बोल्ट एकेक करून पान्याने बघायचे, नव्या प्लेटा पहिल्याच फेरीत बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. आमच्या गाडीचा डावीकडचा खालचा बोल्ट अजूनही दर फेरीला पाव आटा फिरतो.